शंका-समाधान : स्लाइड निघत नाही तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे .३२ बोअरचं पिस्तूल आहे. पावसाळाभर ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये कपाटात होतं. खंडेनवमीच्या पूजेनंतर साफ करायला घेतलं, तर स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) जेमतेम अर्धा इंच मागे येते आणि अडते. आमच्या पिस्तुलात बॅरल (नळी) फिरवून स्लाइड पुढे काढायची असते, पण बॅरल फिरायला तयार नाही. जोर लावावा का?
– परवानाधारक शेतकरी, भुदरगड तालुका

उत्तर : जोर लावण्याआधी सांगा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का? मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक काडतूस चेंबरमध्ये राहिलेलं असू शकतं, आणि अडलेली स्लाइड नेमकं तेच झाकून ठेवते. म्हणून खात्री होईपर्यंत हे पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चाला. बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवा आणि तोंड वाळूने भरलेल्या बादलीकडे. फरशीकडे रोखू नका, गोळी तिच्यावरून उडून कुठेही जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं की आपली जमीन म्हणजे खालच्याचं छत.

मॅगझिन बाजूला काढा. स्लाइड येते तेवढी मागे धरा आणि पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून टॉर्च मारा. पितळेची कड दिसली, किंवा काहीच नीट दिसलं नाही, तर घरचं काम तिथेच संपलं. शस्त्रविक्रेत्याला किंवा परवानाधारक गनस्मिथला (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला) आधी फोन करा, 'चेंबरची खात्री नाही' हे स्पष्ट सांगा आणि पिस्तूल कसं आणायचं ते त्यांनाच विचारा. तसंच पिशवीत टाकून एसटीत बसू नका.

चेंबर रिकामं दिसलं, तर पुढचं तपासा. पहिला संशय सेफ्टीवर. .३२ च्या बऱ्याच पिस्तुलांत सेफ्टी चढवली की तिचं टोक स्लाइडच्या खाचेत जातं आणि स्लाइड जागेवर बंद होते. सेफ्टी अर्धवट चढलेली असली तरी स्लाइड अडते. याच्या उलटही एक प्रकार आहे. ब्राउनिंगच्या जुन्या रचनेवरच्या काही पिस्तुलांत स्लाइड ठरावीक अंतर मागे नेऊन तीच सेफ्टी दुसऱ्या खाचेत अडकवायची असते, तेव्हाच बॅरल फिरते. काही मॉडेलमध्ये स्लाइडवरची खूण फ्रेमच्या (मुठीसकट खालच्या सांगाड्याच्या) कडेशी जुळवायची असते. कारण साधं आहे. बॅरलखालचे दात फ्रेममधल्या खाचांत बसलेले असतात. स्लाइड त्या एका जागी आली, तरच दातांना फ्रेममधून सुटून स्लाइडच्या आतल्या खाचेत शिरायला वाट मिळते. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की बॅरल हलणार नाही, मग पकडीने पिळली तरी. पकड लावूच नका, बॅरलला ओरखडे पडतात आणि दातांच्या कडा मुडपतात. पुस्तिकेत फिरवायची दिशा दिलेली असते, ती पाहून रबरी हातमोज्याने फिरवा.

सेफ्टी मोकळी आहे, खूण जुळवायला स्लाइड तेवढी मागेच येत नाही, अशी तुमची तक्रार दिसते. हॅमर (घोडा) बाहेर दिसत असेल तर तो आधी मागे ओढून ठेवा, कारण नाहीतर स्लाइडला तिला पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगबरोबर हॅमरची स्प्रिंगही दाबावी लागते. ओढण्याची पद्धतही बदला. डाव्या हाताची मूठ स्लाइडच्या मागच्या खाचांवर वरून घट्ट धरा आणि उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढे ढकला. नुसतं दोन बोटांच्या चिमटीत ओढणाऱ्याला चांगली स्लाइडही अडलेली वाटते.

तरीही अडली, तर आत काहीतरी साकळलंय. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी संभवतात. चामड्यात पावसाळ्याची ओल राहते आणि कमावण्यात वापरलेल्या क्षारांमुळे ते लोखंडाला खातं. कोल्हापुरात चामड्याचं काम उत्तम होतं यात शंका नाही, पण होल्स्टर कमरेला लावायला असतं, कपाटात शस्त्र ठेवायला नव्हे. स्प्रिंग बॅरलभोवती किंवा बॅरलखाली असते, तिच्यावर गंज चढला की वेटोळी एकमेकांना घासतात आणि स्लाइड मध्येच थांबते. दुसरं म्हणजे पूजा. हळदकुंकू पाण्यात कालवून बोटाने लावलं असेल, तर ते रेलच्या (स्लाइड जिच्यावर सरकते त्या पट्टीच्या) फटीत उतरून जुन्या तेलात कालवलं जातं आणि वाळून लुकणासारखं बसतं. पुढच्या वर्षी पिस्तुलावर आधी स्वच्छ रुमाल टाका आणि हळदकुंकू रुमालाला वाहा.

उपाय असा : पिस्तूल आडवं ठेवून दोन्ही बाजूंच्या रेलच्या फटीत पेनिट्रेटिंग ऑइलचे (फटीत शिरून गंज सोडवणाऱ्या तेलाचे) दोन-दोन थेंब सोडा. डब्यातून फवारा मारू नका, तेल फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळणाऱ्या सुईच्या) भोकात जाऊन नंतर चिकट होतं. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी स्लाइड येते तेवढी मागे-पुढे हलवा, मिलिमीटर मिलिमीटर पुढे सरकू द्या. फटीतून बाहेर येणारं तेल पांढऱ्या चिंधीवर टिपा. काळं आलं तर जुनं तेल आणि काजळी, तांबूस आलं तर गंज, पिवळट आलं तर हळद. काळं आणि पिवळं आणखी एक-दोन वेळा तेल सोडलं की सुटतं. तांबूस येतच राहिलं तर स्प्रिंग बदलायची तयारी ठेवा. बॅरल फिरवून स्लाइड पुढे काढताना हात स्लाइडसमोर धरा, नाहीतर स्प्रिंग खोलीभर शोधावी लागेल. आणि चेंबरची खात्री झालेली नसताना आत तेल सोडून 'काडतूस मेलं असेल' असं मानू नका, ते तेवढ्याने मरेलच असं नाही.

प्रश्न : वडील पिस्तुलाला खोबरेल तेल लावायचे. हिवाळ्यात स्लाइड जड होते, ती त्यामुळेच का?
– वाचक, कागल

उत्तर : हो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत ते पांढरं होतं, तेच रेलमध्ये होतं. उन्हाळ्यात ते पातळ राहतं, पण हवेने हळूहळू चिकट होऊन धूळ धरतं. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन नायलॉनच्या ब्रशला लावून रेल, खाचा आणि स्लाइडचा आतला भाग धुवा, कोरडं पुसा, मग रेलवर गन ऑइलचा एक-एक थेंब. पेट्रोल वापरू नका. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालतं, पण ते पातळ असल्याने लवकर निघून जातं.

प्रश्न : मुलगी .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलावर सराव करते. दर आठवड्याला ते जाम होतं. मोठ्या बोअरच्या पिस्तुलाला एवढी सफाई लागत नाही म्हणतात, मग हेच का?
– पालक, राजारामपुरी

उत्तर : नेमबाज राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच .२२ च्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात. या काडतुसाची गोळी बहुतेकदा उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखं वंगण असतं. तापलं की मेण, शिसं आणि न जळलेली दारू मिळून राखाडी थर होतो. तो चेंबरच्या तोंडाशी आणि पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली साचतो. आकड्याखालचा थर लाकडी टूथपिकने खरवडा, सुईने नको. पालक मंडळी सहसा उलट चूक करतात, जाम झालं की आणखी तेल ओततात. .२२ मध्ये जास्तीचं तेल हा थर आणखी धरून ठेवतं.

रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून सराव करायचा असेल तर चेंबरमध्ये डमी काडतूस ठेवा. .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, कडच नसली तर काही रचनांत ती थेट चेंबरच्या काठावर आदळून तिथे खड्डा पाडते. मग पुंगळ्या अडकू लागतात आणि दोष काडतुसांना दिला जातो. साफसफाईनंतर हात साबणाने धुवायला सांगा, मिसळीवर ताव मारायच्या आधी. शिसं बोटांवरून पोटात जातं.

प्रश्न : स्लाइड स्टॉपची (स्लाइड अडवून धरणाऱ्या खिट्टीची) पिन अडकली आहे. उद्यमनगरात ओळखीचा लेथवाला आहे, तो गरम करून ठोकून काढेल का?
– वाचक, शिरोली

उत्तर : काढेल, आणि दोघंही अडचणीत याल. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र दुरुस्त करून देणं हा गुन्हा आहे. शिवाय गॅसच्या ज्योतीने पोलादाचं टेंपर (दिलेला कडकपणा) उतरतं, पिन आणि भोकाची कड मऊ पडते, पुढच्या झटक्यांत भोक लांबट होतं.

बहुतेकदा ही पिन अडलेलीच नसते, दाबाखाली असते. स्लाइड आणि फ्रेमवरच्या खुणा जुळल्या नाहीत तर रिकॉइल स्प्रिंगचा सगळा ताण पिनवर राहतो. चेंबर तपासून खुणा तंतोतंत जुळवा, स्लाइड तशीच धरा आणि उजव्या बाजूने पिनचं टोक प्लास्टिकच्या मुठीने किंवा पितळी दांडीने दाबा. टक्कन सुटली तर लेथवाल्याचा प्रश्नच मिटला. नाही सुटली तर मूळ परवाना घेऊन परवानाधारक गनस्मिथकडे जा आणि शस्त्र ताब्यात दिल्याची पावती घ्या.

प्रश्न : साफ करून जोडलं, आता स्लाइड अर्ध्यावर अडली. ना पुढे, ना मागे.
– सेवानिवृत्त जवान, गडहिंग्लज

उत्तर : बॅरल खाली झुकून मागे येणाऱ्या रचनेचं पिस्तूल असेल तर गाईड रॉडचं (रिकॉइल स्प्रिंगच्या आतल्या दांडीचं) मागचं गोल टोक पाहा. ते बॅरलखालच्या अर्धगोल खाचेत न बसता वर चढलं असेल, तर बॅरल आणि फ्रेमच्या मध्ये पाचर बसते. ट्रिगर दाबू नका. स्लाइड ज्या बाजूने चढवली त्याच बाजूला हलके हलवत, लाकडी काडीने समोरून रॉड दाबून धरा. रॉड खाचेत सरकला की स्लाइड लगेच मोकळी होते. परत जोडताना बॅरल स्लाइडमध्ये ठेवून आधी रॉड बसवा, आणि स्लाइड फ्रेमवर चढवण्याआधी उलटी धरून रॉडचं टोक खाचेत आहे की नाही ते बघा.