भावाचं काम सुटल्यापासून तो दिवसभर दाराशी बसून असतो. हा आळस आहे का?

नाही ताई, आळस नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतलं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातलं, काम जाऊन चार महिने झाले, तरी तो सहाला उठून आवरतो असं तुम्हीच लिहिलंय. आळशी माणूस असं करत नाही.

२०१९ च्या मंदीत गाड्यांची मागणी घटली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका मोल्डर काकांचं, म्हणजे फौंड्रीत साचे बनवणाऱ्यांचं, काम गेलं; तरी ते रोज डबा घेऊन निघायचे आणि रंकाळ्यावर बसून तो खायचे. घरी महिनाभर पत्ता नव्हता. पगार गेल्यापेक्षा ‘आता माझा काय उपयोग’ हेच माणसाला जास्त कुरतडतं.

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारियनथाल गावची गिरणी बंद पडली. वेळच वेळ असूनही लोक वाचनालयातून पुस्तकं कमी नेऊ लागले, पुरुषांची चालसुद्धा मंदावली, असं तिथं अभ्यासकांना दिसलं.

‘काम बघितलंस का?’ असं रोज टोचू नका. डेअरीला दूध घालणं, पोरांना शाळेत सोडणं, असं ठरलेल्या वेळेचं काम त्याच्याकडे द्या. झोप उडाली, दारू वाढली किंवा ‘मी नसलेलोच बरा’ असं बोलला, तर त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा.