हरलेली कुस्ती त्याला सांगता येते का?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. यंदा दहावीला ७१ टक्के मिळाले. वजन ६२ किलो. दोन वर्षं आसपासच्या जत्रांत इनामाच्या कुस्त्या मारतोय. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत ६० किलो गटात तिसरा आला. उपांत्य फेरीत पंचांनी पक्षपात केला, नाहीतर पहिलाच होता. वस्ताद म्हणतात, कोल्हापूरला तालमीत टाका, कॉलेजबिलेज डोक्यातून काढा. मुलगाही म्हणतो, चॅम्पियन व्हायचं तर सगळं सोडावं लागतं. मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघून त्याने डोकं भादरलंय, मित्रांशी बोलणं बंद केलंय. तीन एकर जमीन आणि दोन म्हशी आहेत. अर्धा एकर काढायची माझी तयारी आहे, पण आमच्या मंडळींचा विरोध आहे. धाकटी मुलगी आठवीत आहे. मुलाची मानसिकता चॅम्पियनची आहे का, हे ओळखायचं कसं?
– एक पालक, माढा तालुका

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो. ‘पंचांनी पक्षपात केला, नाहीतर पहिलाच होता.’ हे वाक्य मुलाचं आहे की तुमचं?

पंच चुकतात, कधी मुद्दामही चुकतात. त्यावर मी वाद घालणार नाही. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं याच वाक्यात आहे. मारलेली कुस्ती कोणताही पैलवान रंगवून सांगतो. हरलेली कुस्ती पहिल्या सलामीपासून सांगता येणारे थोडे. कितव्या मिनिटाला दम सुटला, हात कुठे सैल पडला, समोरच्याने कोणत्या बाजूने ताबा घेतला, हे ज्याला आठवतं आणि जो ते लाज न बाळगता सांगतो, त्याच्यात काहीतरी आहे. आज संध्याकाळी त्याला शेजारी बसवा आणि ती उपांत्य फेरीची कुस्ती सांगायला लावा. तुम्ही मध्ये बोलू नका. पंचांचं नाव त्याने पहिल्या वाक्यात घेतलं की शेवटच्या, तेवढं लक्षात ठेवा.

डोकं भादरणं आणि मित्र तोडणं याला मी त्याग म्हणणार नाही. सोळाव्या वर्षी हे सोपं असतं, त्यात मजाही असते आणि मुख्य म्हणजे ते चारचौघांना दिसतं. तालमीत जे सोडावं लागतं ते कुणाला दिसत नाही.

मागच्या थंडीत ओळखीच्या एका मुलाला भेटायला मी कोल्हापूरच्या एका तालमीत पहाटे गेलो होतो. साडेचार वाजले असतील. आत एकच बल्ब, मारुतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती, आणि हा मुलगा फावड्याने आखाडा उकरत होता. ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेली माती वरखाली करायला अर्धा तास गेला. मग जोर, बैठका, सपाट्या. आदल्या रविवारी एका मैदानात तो एकेरी पट काढायला (समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला) गेला होता आणि वरून दाबला जाऊन चितपट झाला होता. त्या पहाटे तो त्याच्यापेक्षा दहा किलो जड जोडीदाराला उभं करून तोच पट पुन्हा पुन्हा काढत होता. मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. तासाभरात ते एकदाच बोलले : ‘डोकं आत.’ मुलाने मान हलवली आणि पुन्हा खाली वाकला. चेहऱ्यावर ना राग, ना जोश. मला वाटतं, कंटाळा होता. कंटाळा येऊनही एकसष्टावा पट पहिल्यासारखाच काढायचा, चॅम्पियनच्या डोक्यात मी तरी याहून वेगळं काही पाहिलेलं नाही. व्हिडिओतल्या गर्जना आणि पार्श्वसंगीत तिथे कुठेच नव्हतं.

आता वस्तादांच्या सल्ल्याविषयी. त्यांच्या कुस्तीच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, पण कॉलेज डोक्यातून काढा हे मला मुळीच मान्य नाही. आपल्याकडे त्यागाचा विषय निघाला की खाशाबा जाधवांचं नाव निघतं, म्हणून त्यांचीच गोष्ट नीट पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. मातीत वाढलेला माणूस, गादीची (मॅटची) सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. परत आल्यावर त्यांनी चार वर्षं मेहनत केली, वरच्या वजनगटात गेले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या सगळ्या काळात ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजशी जोडलेले होते. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कॉलेज सोडलं असतं तर हा माणूस त्यांना कुठे भेटला असता?

आणखी एक. पदक आणल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण पुढची वर्षं त्यांना सांभाळलं ते १९५५ मध्ये मिळालेल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या नोकरीने. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मुलाला खाशाबांचं उदाहरण द्यायचं असेल तर ते पूर्ण द्या.

तुमच्या गावात कुस्ती म्हणजे महाराष्ट्र केसरीची गदा, असंच समीकरण असणार. पण ती स्पर्धा ८६ ते १२५ किलोची. तुमचा मुलगा आज ६२ चा आहे. सोळाव्या वर्षी वाढ बाकी असते हे खरं, तरी अंगकाठी अशीच राहिली तर गदा त्याच्या वाटेत नाही, आणि त्यात वाईट वाटायचं काही कारण नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवलं. पुढे तो पोलीस उपअधीक्षक झाला. हे सगळं गादीवर, हलक्या वजनात. म्हणून तालीम निवडताना इतिहास आणि भिंतीवरचे फोटो बघून भारावू नका. गादी आहे का, आठवड्यातून किती दिवस गादीवर सराव होतो, हे विचारा. जत्रेतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालू शकते. गादीवर मोठ्यांच्या गटात तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. मातीतला मुलगा समोरचा दमण्याची वाट बघत बसतो आणि तोवर इकडे गुण जातात. शिवाय सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मिळतं आणि क्रीडा खात्याकडून त्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. जत्रेतलं इनाम आणि फेटा तिथे कुणी विचारत नाही.

वजनाचं निघालंच आहे तर हेही वाचून दाखवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरली. अपात्र. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने दहा तासांत साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि ५७ किलोत कांस्य घेतलं. ही मंडळी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सोबत घेऊन हे करतात. वाढत्या वयाच्या मुलाने पाणी तोडून, रबरी सूट घालून वजन पाडणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. कोणी ‘ताकदीचं’ म्हणून पुडी किंवा इंजेक्शन पुढे केलं तर त्याच दिवशी मुलाला घरी आणा. डोपिंगमध्ये सापडला तर कुस्ती काही वर्षांसाठी बंद, आणि शरीराचं जे होतं ते वेगळंच.

आता पैशाचं. कच्चा हिशेब करून बघा. रोज दोन लिटर दूध साठ रुपयांनी धरलं तर महिन्याला ३,६०० रुपये. रोज शंभर ग्रॅम बदाम म्हणजे महिन्याला तीन किलो, त्याचे अडीच हजारांच्या आसपास. तूप, अंडी, आठवड्यातून दोनदा मटण, फळं, तालमीतली मेस, कॉलेजची फी, स्पर्धांचा प्रवास. पंधरा हजारांच्या खाली हे बसत नाही. (तुमच्या दोन म्हशींचं दूध गावातच राहणार, हा यातला दुःखद विनोद.) वर्षाचे पावणेदोन-दोन लाख झाले. अर्धा एकर काढला तर पैसा येईल आणि चार-पाच वर्षांत खाऊन संपेल. जमीन परत येणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : जमीन विकू नका. धाकटीच्या शिक्षणाला लागणारे पैसे आधी बाजूला काढून तिच्या नावाने बँकेत टाका, आणि हे मुलाच्या समोर करा. त्यागाचं कौतुक पैलवानाच्या वाट्याला येतं, पण तूप त्याच्या ताटात वाढलं जातं तेव्हा ते कुणाच्या तरी ताटातून गेलेलं असतं. तुमच्या मंडळींचा विरोध कुस्तीला आहे की या हिशेबाला, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? पत्रात त्यांच्यासाठी एकच वाक्य आहे.

मग करायचं काय? पाठवा त्याला, पण दोन वर्षांची बोली करून. अकरावीला कोल्हापुरात किंवा पुण्यात, तालमीपासून चालत जाता येईल अशा कॉलेजात प्रवेश घ्या. कला शाखा चालेल, पण हजेरी खरी हवी. सतरा वर्षांखालच्या गटात त्याच्याकडे थोडाच काळ उरलाय, तेवढ्यात राज्य पातळीपर्यंत खेळू द्या. ‘खेलो इंडिया’त निवड झाली तर महिन्याला दहा हजार रुपये भत्ता मिळतो, तुमचा निम्म्याहून जास्त भार तिथेच उतरेल. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुलांची कंपनी आहे, सगळा खर्च लष्कर करतं, पण तिथे लहान वयातच घेतात. तुमच्यासाठी ती वेळ गेली, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी दहा-बारा वर्षांचा पैलवान असेल तर त्यांनी जरूर चौकशी करावी.

बारावीच्या निकालाच्या सुमारास पुन्हा बसा. राज्य स्पर्धेत पदक असेल, किंवा पदक नसलं तरी तो दरवर्षी आणखी एक फेरी पुढे जात असेल, तर वीस वर्षांखालच्या गटासाठी आणखी दोन वर्षं द्या. जिल्ह्यातच अडकला असेल, किंवा गुडघा गेला असेल (कुस्तीत गुडघे जातात, हे गृहीत धरूनच चाला, मोडलेल्या कानाची फुशारकी मुलं मारतात, गुडघ्याची कुणी मारत नाही), तर बारावी हातात आहे. पोलीस भरतीचं मैदान त्याला जड जाणार नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा, या वाटाही उघड्या राहतात. ही बोली त्याला आजच सांगा, कागदावर लिहा. तो चिडेल. ‘आधीच हरायचा विचार करता,’ म्हणेल. म्हणू द्या.

मित्रांशी मात्र बोलायला सांगा. तालमीत पंधरा-वीस मुलं एका खोलीत झोपतात. ज्याला जोडीदाराशी जुळवून घेता येत नाही त्याच्याबरोबर सराव करायला कुणी उभं राहत नाही, आणि एकट्याने पट काढता येत नाही.

वस्तादांना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. पुढचं पत्र मात्र तुम्ही लिहू नका, मुलाला लिहू द्या. विषय एकच : जिल्ह्याची उपांत्य फेरी, पहिल्या सलामीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. पान-दीड पान पुरे.