रद्द झालेले गेम, बंद पडलेले सर्व्हर आणि पावसाळ्यातल्या कॅसेटी : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं हातून निसटलेल्या गेमबद्दल आहेत. काही गेम बाजारात येण्याआधीच संपले, काही विकत घेतल्यावर बंद झाले आणि काही कपाटात राहून खराब झाले. सगळ्यात जास्त पत्रं आलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती आपल्या मुंबई-पुण्यात तयार होत होती. ट्रेलर आला, तारीखही जाहीर झाली होती. इतकं पुढे गेलेलं काम रद्द होतं तरी कसं? आणि आता खेळायचं काय? (दादर)

आधी घटनाक्रम. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने सप्टेंबर 2020 मध्ये हा रीमेक जाहीर केला. काम मुंबई आणि पुण्याच्या स्टुडिओंकडे होतं. जानेवारी 2021 ही पहिली तारीख, ती मार्चवर गेली आणि नंतर बेमुदत पुढे ढकलली गेली. मे 2022 मध्ये काम कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. 2003 चा मूळ गेम तिथेच घडला होता. जानेवारी 2026 मध्ये कंपनीने एकूण सहा गेम रद्द केले, त्यात हाही गेला. इथल्या मुलांनी जगभर गाजलेल्या गेमवर काम केलं आणि ते कुणाच्या हाती पडलंच नाही, याची हळहळ आम्हालाही आहे.

आता 'इतकं पुढे गेलेलं' या शब्दांबद्दल. ट्रेलरवरून गेम किती तयार आहे ते कळत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात 'व्हर्टिकल स्लाइस' बनवतात, म्हणजे गेमचा दहा-वीस मिनिटांचा एकच तुकडा प्रकाश, आवाज, हालचाली यांच्यासकट पूर्ण घासूनपुसून. पैसे देणाऱ्याला तो दाखवायचा असतो आणि ट्रेलरही बऱ्याचदा त्यातूनच कापतात. त्या वेळी बाकीच्या पातळ्या राखाडी ठोकळ्यांच्या असू शकतात. पुढे 'अल्फा'ला सगळे भाग जोडलेले पण ओबडधोबड असतात, 'बीटा'ला फक्त चुका काढणं उरतं आणि मग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, बनवणाऱ्या कंपनीची तपासणी होते. बाहेरच्या स्टुडिओला पैसेही अशाच टप्प्यांवर, हप्त्याहप्त्याने मिळतात. एक टप्पा नापास झाला की पुढचा हप्ता अडतो आणि लहान स्टुडिओचे पगार तिथेच थकतात.

रद्द करताना आजवर किती खर्च झाला याला फारसं महत्त्व नसतं, कारण तो पैसा गेलेलाच असतो. अजून किती लागेल आणि विक्रीतून तेवढं परत येईल का, एवढंच पाहतात. हे आकडे किती मोठे असतात ते जून 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालं. सोनीने कागदपत्रांतले आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅनमध्ये शाईखालचं वाचता आलं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' सुमारे 22 कोटी डॉलरचा, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' 21.2 कोटींचा. असा एक गेम पडला तर पाठोपाठ दोन-तीन छोटे प्रकल्प मारले जातात. शिवाय 2022 पासून व्याजदर चढले आणि उसन्या पैशांवर वाढलेल्या कंपन्या अडचणीत आल्या. स्वीडनच्या एम्ब्रेसर या गेम कंपनीचा दोन अब्ज डॉलरच्या वर असलेला करार मे 2023 मध्ये फिसकटला आणि त्याच वर्षी त्यांचे व्होलिशन आणि फ्री रॅडिकल हे दोन्ही स्टुडिओ बंद झाले.

रीमेक दिसतो तितका सोपाही नसतो. जुन्या गेममधली उडी, भिंतीवरची धाव, तलवारीचा घाव यांची वेळ जुन्या आकृतीच्या हाडांच्या सांगाड्यावर बसवलेली असते. आकृती नव्याने घडवली की ती सगळी जुळणी पुन्हा करावी लागते.

खेळायचं असेल तर 2003 चा मूळ गेम संगणकावर आजही विकत मिळतो. विंडोज 11 वर चित्र बिघडलं तर जुन्या गेमचं चित्र नव्या विंडोजशी जुळवून देणारं 'डीजीव्हूडू 2' उतरवा आणि त्यातल्या 'एमएस' फोल्डरमधल्या 'एक्स86'च्या डीएलएल फाइली गेमच्या मुख्य फाइलीशेजारी ठेवा. त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये हालचालीचा वेग फ्रेमशी, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येशी, बांधलेला असायचा, म्हणून ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा 60 ठेवा. नवीन काही हवं असेल तर याच मालिकेतला जानेवारी 2024 चा 'द लॉस्ट क्राउन' घ्या, तो उत्तम आहे. दुर्दैवाने तो बनवणारा चमूही त्याच वर्षी विखुरला गेला.

माझ्याकडे 'द क्रू'ची डिस्क आहे, पण गेम सुरूच होत नाही. पुन्हा असं फसायचं नसेल तर विकत घेताना काय बघावं? (ठाणे)

तुमची डिस्क खराब नाही. युबिसॉफ्टचाच हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला आणि 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशी बोलल्याशिवाय उघडत नसे, म्हणून तोही गेला. याच प्रकरणातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपातल्या तिच्या अर्जाने जुलै 2025 मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. मागणी साधी आहे : सर्व्हर बंद करताना गेम चालू राहील अशी काहीतरी सोय करून जा. आमच्या मते ती अगदी रास्त आहे. सोनीच्या 'कॉनकॉर्ड' या ऑनलाइन गेमचं तर ऑगस्ट 2024 मध्ये येऊन दोन आठवड्यांत शटर पडलं. निदान त्याचे पैसे तरी परत मिळाले.

खोक्याच्या मागे 'इंटरनेट आवश्यक' असं छापलंय का ते आधी वाचा. 'ऑनलाइन खेळासाठी इंटरनेट' असं असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे एकट्याचा खेळ बहुधा वाचतो. निन्टेन्डो स्विच 2 च्या काही खोक्यांवर 'गेम-की कार्ड' असं लिहिलेलं असतं. त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते आणि गेम नेटवरूनच उतरवावा लागतो.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. ती मुदत तपासणीसाठी वापरा. गेम एकदा चालवा, स्टीम ऑफलाइन मोडवर टाका, वाय-फाय बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि वीस मिनिटं खेळून सेव्ह होतंय का ते पाहा. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो मोठा असला की एक एक्सई आणि जवळपास 4 जीबीचे अनेक बिन तुकडे येतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत, एक जरी राहिला तरी इन्स्टॉल अर्ध्यावर अडतं. प्रती दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

गिरगावात चौपाटीजवळ घर. नव्वदच्या दशकातला टीव्ही व्हिडिओ गेम आणि दहा-बारा कॅसेटी सापडल्या. काही लागतच नाहीत, नुसता राखाडी पडदा दिसतो. बंदूकही चालत नाही. (गिरगाव)

राखाडी पडदा दिसतोय म्हणजे यंत्र जिवंत आहे, पण कॅसेट वाचली जात नाही. खाऱ्या हवेत आणि जुलै-ऑगस्टच्या दमटपणात पिनांवर हिरवट-काळा थर चढतो. सगळ्यात आधी फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीचा ओलावा पिनांवर बसतो आणि थर आणखी वाढतो. फुंकर मारल्यावर कॅसेट चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे.

लॅमिंग्टन रोडवर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, दुकानदार त्याला 'आयपीए' म्हणतात. जखमेवर लावायचं स्पिरिट नको, त्यात पाणी बरंच असतं. कानाच्या कापसाच्या काडीला आयपीए लावून पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा. काडी काळी झाली की टाकून नवी घ्या, आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. थर हटत नसेल तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने चारेक वेळा घासा आणि चुरा आयपीएने पुसून काढा. सँडपेपर किंवा ब्लेड अजिबात लावू नका. पिनांवरचा मुलामा केसापेक्षा पातळ असतो, तो निघाला की आतलं तांबं पुढच्याच पावसाळ्यात हिरवं पडतं. दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच कॅसेट लावा.

एकही कॅसेट लागत नसेल तर दोष यंत्राच्या खाचेत आहे. जुन्या एटीएम कार्डावर पातळ सुती कापड एक पदर गुंडाळा, आयपीएने किंचित ओलं करा आणि यंत्र बंद असताना दहा-पंधरा वेळा खाचेत सरळ आत-बाहेर करा. कार्ड तिरकं घातलं तर आतल्या पात्या वाकतात. कॅसेट उघडल्यावर चिपऐवजी काळ्या डांबरासारखा गोळा दिसला तर घाबरू नका, स्वस्त कॅसेटींत चिप तशीच झाकलेली असते. मात्र तो गोळा तडकला असेल तर ती कॅसेट गेली.

अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी यंत्राच्या तळाशी छापलेले व्होल्ट आणि पिनेचं अधिक-उणे अ‍ॅडॅप्टरशी ताडून पाहा. बऱ्याच संचांना 9 व्होल्ट लागतात, पण पिनेची मधली बाजू काहींत उणे तर काहींत अधिक असते. उलटं लागलं की आतला रेग्युलेटर जळू शकतो.

टीव्ही नवा, एलसीडी असेल तर त्यावर बंदूक कधीच चालणार नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त निशाण्याच्या, म्हणजे बदकाच्या, जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला काही मिलिसेकंद उशीर करतो, तोवर वेळ टळलेली असते. त्यासाठी जुना डब्बा टीव्हीच हवा.

ठेवताना घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, म्हणजे ते ओलं झालेलं दिसतं. ओलं झालं की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास सुकवून परत वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून नारिंगी घ्या आणि सुकवायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

'स्टार फॉक्स 2' खरंच पूर्ण झाला होता का? (विलेपार्ले)

हो. नव्वदच्या दशकात तो तयार असूनही निन्टेन्डोने बाजूला ठेवला. सप्टेंबर 2017 मध्ये एसएनईएस क्लासिक या छोट्या यंत्रातून तो अधिकृतपणे बाहेर आला.

बटणांच्या नोकियावरचे जावा गेम आणि कॅफेत खेळलेले फ्लॅश गेम परत मिळतील? (डोंबिवली)

जावा गेमचं काम तातडीने करा. मुंबईत 1999 मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी आपल्याकडे पुष्कळ मोबाइल गेम बनवले. ते मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरून विकले जायचे आणि ती पोर्टलं बंद झाली. काही गेमची उरलेली प्रत कुणाच्या तरी ड्रॉवरमधल्या हँडसेटमध्येच असेल. बीएल-5सी बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, तीच बॅटरी नवी सहज मिळते. मेमरी कार्ड असेल तर ते कार्ड रीडरला लावून '.जार' फाइली शोधा. '.डीएम' असेल तर ती कुलूपबंद आहे, दुसरीकडे उघडणार नाही.

अँड्रॉइडवर जुने जावा गेम चालवणारं 'जे2एमई लोडर' हे अ‍ॅप घेऊन त्यात जार फाइल उघडा. पहिल्यांदा सुरू करतानाच पडद्याचं माप द्या, बहुतेकांना 240 × 320, जुन्यांना 176 × 208 किंवा 128 × 160. माप चुकलं की चित्र कोपऱ्यात अडकतं किंवा मेनू कापला जातो. गेम भरधाव पळत असेल तर फ्रेमची मर्यादा लावा.

फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला संपलं आणि 12 जानेवारी 2021 पासून ते चालणंच बंद झालं. 'फ्लॅशपॉइंट आर्काइव्ह'मध्ये दोन लाखांहून जास्त गेम आणि अ‍ॅनिमेशन जपलेली आहेत. तिथे आधी शोधा. नुसती एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅश गेमची, फाइल मिळाली तरी ती कधीकधी कोरा पडदा दाखवते, कारण आपण मूळ साइटवरच आहोत का हे गेम तपासतो. फ्लॅशपॉइंट ती साइट असल्याचा भास निर्माण करतं.

2003 च्या आसपासच्या मूळ सीडी आहेत. विंडोज 11 वर चालत नाहीत आणि दोन सीडींवर बुरशी आहे. (बोरिवली)

बुरशीसाठी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा एकाच रांगेतला बराच डेटा खातो. छापील बाजू जास्त जपा, सीडीत चकाकणारा थर लेबलच्या अगदी खाली असतो. दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा डेटा गेला, त्यावर इलाज नाही.

न चालण्याचं कारण बहुधा 'सेफडिस्क' हे सीडीची नक्कल रोखणारं कुलूप आहे. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज 10 पासून नाहीच आणि जुन्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टने तो 2015 मध्ये बंद केला, कारण त्यातून संगणकात शिरकाव करता येत होता. त्याहून जुन्या गेमचा इन्स्टॉलर बऱ्याचदा 16-बिटचा असतो, तो 64-बिट विंडोज चालवत नाही. जीओजीवर तो गेम मिळतोय का ते बघा. माउसने वस्तूंवर क्लिक करत पुढे जायच्या 'पॉइंट अँड क्लिक' प्रकारचा असेल तर स्कमव्हीएम हे सॉफ्टवेअर वापरून पाहा. नाहीतर विंडोज एक्सपीचा जुना संगणक, नेटची केबल काढून.

प्रत करताना आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच फाइल, करू नका. त्या काळच्या अनेक गेमचं संगीत सीडीवर गाण्यांसारख्या वेगळ्या ट्रॅकमध्ये असायचं आणि आयएसओत फक्त डेटा जातो, म्हणून गेम चालतो पण मुका. इमेजबर्न या सीडीची प्रत करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बिन आणि क्यू अशा दोन फाइली मिळतील असं निवडा. आपल्या कायदेशीर प्रतीची हानीपासून बचावासाठी नक्कल करायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे. ती दुसऱ्याला विकायला किंवा वाटायला नाही. प्रत झाल्यावर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'ट्रॅक 02 ऑडिओ' अशी ओळ दिसली तर संगीत आलं आहे.