वाद नको म्हणून

“ताई, मी ऐरोलीत एका छोट्या मराठी मंडळीचा पाळक आहे. न्याय आणि समावेश यांवर कळकळीने प्रवचनं करतो. आमच्याकडे दिघ्याहून एक तृतीयपंथी येते. तिचा बाप्तिस्मा लहानपणी नगरकडे झालाय, पण रजिस्टरात नाव मुलाचं. पंच कमिटी बायबलमधला अनुवाद 23 (षंढांना मंडळीत येऊ देऊ नये) काढून तिला विरोध करते, मी यशया 56 (देव षंढांनाही आपल्या घरात जागा देतो) काढतो. दोन वर्षं हेच चाललंय. ती समजूतदार आहे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या वेळी स्वतःहून बाहेर चपलांपाशी जाऊन थांबते. सुरुवातीला मीच तसं सुचवलं होतं, वाद नको म्हणून. आता मी थकलोय. कमिटीशी लढत राहू की राजीनामा देऊ?”

पाळकसाहेब,

राजीनाम्याचं नंतर बघू. माझं वाचन “स्वतःहून”पाशी अडलं. लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही लिहिता, मीच सुचवलं होतं. मग स्वतःहून कसं?

कमिटीची बाजू घेणारी मी नव्हे. पण त्या म्हाताऱ्यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं. तुम्ही गोड बोलून तिला बाहेर काढलंत आणि आत येऊन समावेशावर बोललात.

उपासना संपली की सगळी मंडळी चपला घालायला तिथेच येते ना? म्हणजे तोंडात अजून द्राक्षरसाची चव असते, आणि तिच्या पायांपाशी वाकून माणसं आपापले सँडल शोधतात. दोन वर्षं. कोणी तिला “जरा सरक” म्हणत असेल. तुम्ही त्या वेळी कुठे असता? दाराशी हात मिळवत असाल.

आणि समजूतदार म्हणून कौतुक करू नका. आमच्याकडे चोखोबांचंही असंच कौतुक झालं. पंढरपुरात समाधी पायरीशी, आणि देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. बाहेर उभा राहणारा भांडत नाही, याचा आतल्यांना फार आधार वाटतो.

मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं पत्र आल्यावर यशया 56 काढून वाचला. देव षंढांना म्हणतो, माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलामुलींपेक्षा श्रेष्ठ असं नाव देईन. भिंतींच्या आत, साहेब. आणि नाव! तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे (वर थोडक्यात दिलंय), त्यात कमिटीच्या तिघांची नावं आहेत, हुद्द्यांसकट. तिचं नाव एकदाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. तुमचं रजिस्टर राहू द्या, तुमच्या पत्रालाही ते जमलं नाही.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला तो कूशी (इथिओपियाचा) षंढ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. गाझाच्या वाटेवर पाणी दिसलं, त्याने विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय? सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. यरुशलेमहून कुणाची सही मागवली नाही.

तेव्हा कमिटीशी लढाई आजपासून बंद, समावेशावरचं प्रवचनही बंद. तिच्या घरी जा. बरोबर बायबल नको, कमिटीतला कोणी नको. सांगा, “तुला बाहेर मी पाठवलं होतं, कमिटीने नाही. माझं चुकलं.” एवढंच. पुढे “पण परिस्थिती अशी होती” आलं की माफी गेली. ती चिडेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. बोलू द्या तिला, दोन वर्षांचं आहे. आणि पहिल्या रविवारी हेच वाक्य भाकर मोडण्याआधी मंडळीसमोर बोलायला तिची हरकत नाही ना, तेही विचारा. तिने हो म्हटलं तर बोला. मग कमिटीने राजीनामा मागितला तर मागू दे.

ऐरोलीहून दिघा गाव एकच स्टेशन आहे. या शनिवारी जा.

— ताई