उत्तर सासूबाईंनी दिलं, तुम्ही गप्प का?

कोथरूडहून एका आईचं पत्र आहे. मुलगा 26 महिन्यांचा. हाक मारली तर बघत नाही, मिक्सर लागला की कान झाकतो, गाडी उलटी करून चाकंच फिरवत बसतो. घरचे म्हणतात, “मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोलला!” तिला ऑटिझमची शंका येते. प्रश्न असा, की नवऱ्याला आणि सासूबाईंना पटवू कसं?

ताई, पटवूच नका.

मोबाइल दिला म्हणून झालं का, मी नोकरी करते म्हणून का, लशीमुळे का, यात तुमची दोन पानं खर्ची पडलीत. लशीने ऑटिझम होत नाही, आईच्या नोकरीने तर नाहीच. एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणाला दोष देत; ते कधीच मोडीत निघालं. तो विषय इथेच सोडा.

मी अडकले ती तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी. दीड वर्षाच्या बूस्टरला गेलात तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “बोट दाखवून मागतो का?” सासूबाई म्हणाल्या, “हो हो, सगळं दाखवतो.” पुढे तुम्ही कंसात लिहिलंय, “मी काही बोलले नाही, उगाच वाद नको.”

त्या कंसात आठ महिने गेले.

डॉक्टर घाईत असतात ही तुमची तक्रार खरीही असेल. पण नेमका प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि खरं उत्तर ठाऊक असलेली बाई समोर गप्प बसली होती. सासूबाईंवर मी रागावणार नाही. नातवाबद्दल त्यांना जे वाटतं ते त्या बोलल्या. तुम्हाला माहीत होतं.

मूल साधारण वर्षाचं झालं की बोट दाखवू लागतं. हवं ते मागायला दाखवतं, आणि नुसतं दाखवायलाही दाखवतं. गॅलरीतून कुत्रा दिसला की बोट करतं आणि वळून आपल्याकडे बघतं, आईनेही पाहिला ना म्हणून. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची, ऑटिझमची शंका आहे का ते बघणारी 20 प्रश्नांची चाचणी आहे, तिच्यात या दोन्हींसाठी वेगवेगळे प्रश्न आहेत. तुमचा मुलगा काय करतो? तुम्हीच कौतुकाने लिहिलंय, की पाणी हवं असलं की मनगट धरून ओढत नेतो आणि तुमचा हात फिल्टरच्या नळावर ठेवतो. तोंडाकडे बघत नाही. हुशार आहेच तो, पण हे बोट दाखवणं नव्हे. वीसपर्यंत आकडे म्हणतो, म्हणून घरचे “बोलतो की” म्हणतात. “आई, पाणी” म्हणतो का?

ऑटिझम आहे की नाही हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. कदाचित ऐकण्यातच अडचण असेल, त्यासाठी बेरा टेस्ट करायला सांगतील. पण दोन वर्षांच्या मुलाचं निदान जाणकार डॉक्टर करू शकतात, आणि स्पीच थेरपी किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून दिलेली थेरपी) सुरू करायला निदानाचा शिक्का लागत नाही. “शाळेत गेला की बोलेल” म्हणत बसलात तर हाच वेळ वाया जातो.

उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा. लस नाही, बोलायचंय, जरा जास्त वेळ द्या, असं सांगा. मुलाला घेऊन एकट्या जा. आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे: “मागच्या वेळी चुकीचं उत्तर दिलं गेलं. तो बोट दाखवत नाही.” मग नळापाशी काढलेला व्हिडिओ दाखवा (आज रात्रीच काढा). बाबा उशिरा बोलला हेही सांगा. घरात ते दिलासा म्हणून सांगतात, डॉक्टरांना ती माहिती म्हणून हवी असते. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनसाठी (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नका. “थांबून बघू” म्हणाले, तर आपलं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. अशा मुलांची लवकर तपासणी व्हावी म्हणूनच सरकारने जिल्हा पातळीवर डीईआयसी केंद्रं काढली आहेत, तिथली चौकशी करा.

संध्याकाळी नवरा विचारेल, कुठे गेला होतात. खरं ते सांगा. परवानगी मागू नका, पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख सांगा आणि त्या दिवशी त्याला सुट्टी टाकायला लावा. सासूबाईंचं नंतर बघू.