गोळी, झोप आणि स्टिअरिंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

औषधांच्या पाकिटावर ‘गाडी चालवू नये’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्याबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : माझी लेक नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला शिकते. तिथल्या विद्यापीठात औषध देऊन गाडी चालवायला लावतात आणि त्यासाठी स्वयंसेवक घेतात म्हणे. तिलाही नाव द्यायचंय. गुंगीचं औषध देऊन माणसाला खऱ्या रस्त्यावर सोडतात? मला तर धडकीच भरली आहे. (एक आई, पुणे)

तुमची काळजी अगदी रास्त आहे. तरी चाचणी कशी होते ते आधी वाचा, म्हणजे लेकीशी बोलणं सोपं जाईल.

ही पद्धत १९८०च्या दशकात जेम्स ओ’हॅनलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्येच बसवली. गाडी साधीच असते, पण शेजारी परवानाधारक प्रशिक्षक बसतो आणि त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. नेहमीच्या वाहतुकीत, हमरस्त्यावर सुमारे १०० किलोमीटर जायचं, म्हणजे तासभर. सूचना दोनच : वेग ताशी ९५ किलोमीटर ठेवायचा आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवायची. छतावरचा कॅमेरा लेनच्या पांढऱ्या पट्ट्यापासून गाडी किती लांब आहे ते सतत टिपत असतो.

कोणाचीच गाडी रेघ मारल्यासारखी सरळ जात नाही. आपल्या नकळत ती लेनमध्ये थोडी डावी-उजवी होत राहते. या हेलकाव्याचं प्रमाण विचलन सेंटिमीटरमध्ये काढतात. काही न घेतलेल्या माणसाचं ते साधारण वीसेक सेंटिमीटर असतं. रक्तात ०.०५ टक्के मद्य असेल तर ते सरासरी २.४ सेंटिमीटरने वाढतं. आकडा किरकोळ वाटेल, पण औषधांची तुलना याच आकड्याशी करतात. एखाद्या गोळीने हेलकावा तेवढा वाढला, तर ती घेऊन चालवणं म्हणजे तितकी दारू पिऊन चालवणं, असा त्याचा सरळ अर्थ.

प्रशिक्षकाला किंवा चालकाला धोका वाटला की चाचणी तिथेच थांबवतात, आणि थांबवावी लागली हेसुद्धा निष्कर्षात नोंदवतात. प्रयोगाला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, सहभागी व्यक्तीचा विमा तिथल्या कायद्यानेच काढावा लागतो. नियमित गाडी चालवण्याचा काही वर्षांचा अनुभवही मागतात, त्यामुळे तुमच्या लेकीची निवड होईलच असं नाही. झालीच, तर तिने हे विचारून घ्यावं : औषध कोणतं, चाचणीनंतर घरी कोण सोडणार, आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येईल ना. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’च असायला हवं. जरा जरी आढेवेढे घेतले, तर तिने सही करू नये.

प्रश्न : आपल्यावर नजर आहे हे माहीत असल्यावर माणूस जपूनच चालवणार. मग निष्कर्ष खरे कसे मानायचे? (निवृत्त शिक्षक, सातारा)

माणूस जपतो, हे खरंच आहे. पण तो गोळीच्या दिवशी जपतो तसाच बिनऔषधी गोळीच्या दिवशीही जपतो. एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या दिवशी औषध आणि हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी देतात. आज कोणती दिली हे ना तिला ठाऊक असतं, ना मोजणाऱ्याला. शिवाय हेलकावा ही मनावर घेऊन तासभर आवरता येण्याजोगी गोष्ट नाही. पहिली दहा मिनिटं निभतात, पुढे लक्ष ढिलं पडतं. चाचणी लांबलचक आणि कंटाळवाणी ठेवतात ती मुद्दामच.

प्रश्न : ॲलर्जीच्या सर्दीसाठी मी मेडिकलमधून गोळी घेतो आणि बाइकवरून कामावर जातो. मला झोप वगैरे काही येत नाही. तरी चालवायचं नाही का? (वाचक, नाशिक)

तुमच्या पत्रातलं ‘मला झोप येत नाही’ हे वाक्यच मला काळजीत टाकतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या मोठ्या सिम्युलेटरवर (म्हणजे गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर) ॲलर्जीचा त्रास असलेल्या ४० चालकांवर प्रयोग झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी फेक्सोफेनाडिन (ॲलर्जीचं नवं, कमी गुंगीचं औषध), डायफेनहायड्रामिन (जुनं, गुंगी आणणारं), मद्य आणि बिनऔषधी गोळी दिली. पुढच्या गाडीचा वेग कमी-जास्त होईल तसा आपला वेग जुळवायचा, हे मुख्य काम. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर लोकांनी मद्यापेक्षाही वाईट गाडी चालवली. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर फरक पडला नाही. आणि ज्यासाठी हा प्रयोग मी प्रत्येक रुग्णाला सांगते ती गोष्ट अशी : किती झोप येतेय असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, त्यावरून कोण किती वाईट चालवेल याचा फारसा अंदाज येत नव्हता.

आपल्याकडच्या सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. तेही याच जुन्या, गुंगी आणणाऱ्या गटातलं. पाकीट उलटं करून नाव वाचा. तेच निघालं तर डॉक्टरांकडून कमी गुंगीची गोळी लिहून घ्या. सेटिरिझिन त्या मानाने बरी, पण काहींना तिनेही सुस्ती येते. गोळी बदलली तर पहिले दोन-चार दिवस बाइक घरीच राहू द्या.

प्रश्न : रात्री अकराला झोपेची गोळी घेते, सकाळी सातला स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडते. आठ तासांत औषध उतरत नाही का? (वाचक, ठाणे)

औषधावर अवलंबून आहे. झोपिक्लोनची ७.५ मिलिग्रॅमची गोळी रात्री घेतली, तर सकाळी, म्हणजे दहा-अकरा तासांनीसुद्धा हेलकावा ठळकपणे वाढलेला दिसतो. इतका हमखास, की नवं औषध तपासताना तुलनेसाठी तीच वापरतात. झोल्पिडेम या दुसऱ्या झोपेच्या गोळीच्या बाबतीत बायकांच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं असं दिसलं. म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणला. तुमची गोळी यांपैकी असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. मनानेच एकदम बंद करू नका, रोजच्या सवयीची गोळी अचानक सोडली की त्रास होतो. तोवर मुलाला दुसऱ्या कोणाला सोडू द्या.

प्रश्न : डॉक्टरांनीच लिहून दिलेलं औषध असेल तर पोलिस कसे पकडतील? (वाचक, लातूर)

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आकड्यात आहे. औषधाला आकडा नाही. त्याच्या अमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसेल, तर तो गुन्हाच. चिठ्ठी दाखवून ताबा परत येत नाही.

प्रश्न : माझे यजमान ट्रक चालवतात. समृद्धीवर रात्री झोप आली की काच उघडतात, गाणी लावतात, तोंडात तंबाखू असतेच. एवढं पुरतं का? (एक गृहिणी, जालना)

नाही पुरत, ताई. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी नेमकं हेच तपासलं. गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग झाला तर थोडाच, तोही काही वेळापुरता. उपयोगी पडली ती कॉफी आणि पंधरा मिनिटांची डुलकी. कॉफी आधी प्यायची आणि लगेच आडवं व्हायचं, कारण तिचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ ०.०५ टक्के मद्य घेतलेल्याइतका ढासळतो. पहाटे दोन ते सहा ही वेळ तर सगळ्यात वाईट.

तरी सगळा भार यजमानांवर टाकणं मला पटत नाही. भाडं वेळेत पोचवण्याची घाई मालकाची असते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना २०२५पर्यंत १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं तो साधारणपणे सांगत असे. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, म्हणून आताचे नियम कामगार खात्याकडून समजून घ्या. मालकाकडे किती गाड्या, किती माणसं आहेत ते विचारा. यजमानांनी निघायची आणि थांबायची वेळ रोज वहीत लिहून ठेवावी. पुढे कामगार खात्याकडे जायची वेळ आली, तर ती वही लागेल.