दहा वर्षांचा लॅपटॉप मध्येच बंद पडतो, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

व्हिडिओ कॉल सुरू असताना अर्ध्या-पाऊण तासात फटकन बंद होतो, लगेच चालू होत नाही, पण थोडा वेळ ठेवला की होतो, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून माझा पहिला संशय उष्णतेवर जातो. दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच मदरबोर्डचं (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य सर्किट बोर्डचं) नाव घेतलं, म्हणजे तो अंदाज आहे, निदान नाही.

प्रोसेसर (लॅपटॉपची मुख्य चिप) साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो. कॉल सुरू करायच्या आधी एचडब्ल्यू मॉनिटरसारखं तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर उघडून ठेवा. आकडा नव्वदच्या वर चढत जाऊन लॅपटॉप बंद झाला, तर चोर सापडला.

मग खालचं झाकण काढा. त्याआधी चार्जर काढा आणि झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू लहान-मोठे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टेपने चिकटवा, नाहीतर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन आतलं काहीतरी फोडतो. पंखा वरून स्वच्छ दिसतो, त्याला भुलू नका. खरी धूळ पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मध्ये साचते. पंखा सोडवून बाजूला केला की तिथे राखाडी थर दिसतो, चक्क नमद्यासारखा, चिमट्याने उचलला तर अखंड निघतो. उरलेली धूळ उडवायला हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढलाच, तर त्या दोघांमधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोचवणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावा, तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. इतक्या वर्षांत ती वाळून खडखडीत झालेली असते.

तापमान ठीक असूनही बंद पडत असेल तर मोर्चा चार्जरकडे. पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकतो का? तसं असेल तर बहुतेक वायर किंवा जॅक (पिन बसते ती खाच) ढिला आहे. जॅक बदलणं मदरबोर्डच्या मानाने किरकोळ काम. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवरही चालवून बघा, पण टचपॅड वर आलेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तिला दाबू-टोचू नका, चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि ती दुकानातच काढून घ्या.

रॅम आणि हार्ड डिस्कचं म्हणाल तर त्यांची लक्षणं सहसा वेगळी: रॅम बिघडली की निळी स्क्रीन किंवा बीप, डिस्क बिघडली की कमालीचा संथपणा किंवा खटखट आवाज. तरी या सगळ्या खटाटोपाआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून ठेवाच.

एवढं करून दुकानात जावंच लागलं, तर लॅपटॉप तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि चार्जरचं व्होल्टेज मीटरवर दाखवायला सांगा. चार्जरवर छापलेला आकडा (बहुतेकांवर 19 किंवा 19.5 व्होल्ट असतो) आणि मीटरवरचा आकडा जवळपास जुळला पाहिजे. दाखवायला टाळाटाळ केली तर लॅपटॉप उचला आणि दुसरं दुकान गाठा.